नदी सुरयाच्या विणीची जागा वर्षानुवर्षे कशी नोंदवावी

समुद्रपक्ष्यांची वसाहत पाहण्यासाठी पुणेकराला कोकण गाठावे लागते. परंतु समुद्रावरच्या सुरयांचा भाऊबंद असलेला नदी सुरय (इंग्रजीत रिव्हर टर्न) पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, भिगवणजवळ उजनीच्या जलाशयात वीण करतो. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या बेटांवर तो वाळूत उथळ खळगा करून बहुधा २ ते ३ अंडी घालतो. हे पक्षी त्याच जागी परततात का आणि अशी उघड्यावरची अंडी टिकतात कशी, याची नोंद कोणालाही ठेवता येते. बेटावर उतरायचे नाही, ही मात्र पहिली आणि न मोडण्याची अट आहे. आपण जवळ गेलो की अख्खी वसाहत हवेत उठते, आणि एप्रिलच्या उन्हात सावली हरपलेले अंडे काही मिनिटांत धोक्यात येते. घार आणि कावळे तर त्याच क्षणाची वाट पाहत असतात. शिवाय अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच मोडते.

जाण्याआधी घरी नजर तयार करावी. पुण्याच्या बाजारात मिळणारी लाव्यांची ३ अंडी मुरुमावर, काळ्या मातीवर आणि वाळूवर ठेवून १० पावलांवरून पाहावीत. अंड्याचा मूळ रंग जमिनीशी जुळणे ही एक गोष्ट, आणि तपकिरी ठिपक्यांनी त्याची कडाच मोडून टाकणे ही दुसरी, हे तेव्हा डोळ्यांना पटते. हे ठिपके प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याचे असतात, तर निळसर-हिरवट छटा बिलिव्हर्डिनमुळे येते. लावीची मादी आपल्या अंड्यांना साजेशी जमीन निवडते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून सुरयाच्या बेटावरही खळग्याभोवती काय आहे (वाळू, खडे, शिंपले की वाळलेला गाळ) ते अवश्य लिहावे.

प्रत्यक्ष काठावर अंडे शोधू नये, पक्षी पाहावा. उतरलेला सुरय दोन-चार पावले चालतो, छातीची पिसे फुगवतो, डावी-उजवीकडे डोलत खाली बसतो आणि मग हलत नाही. घरटे तिथेच असते. स्कोपमधून (तिपाईवरच्या दुर्बिणीतून) पाहताना तो उठला की अंडी क्षणभर दिसतात, आणि नजर जरा हलली की पुन्हा सापडत नाहीत. पोट भिजवून परतणारा पक्षी दिसला तर वेळ टिपावी, कारण तो अंडी थंड करण्यासाठी पाणी आणत असतो.

जागेची नोंद नेहमी काठावरच्या एकाच ठिकाणाहून करावी आणि नकाशा हाताने काढावा. वठलेले झाड, खडक, पाणी ओसरल्यावर वर येणारे पळसदेवचे मंदिर अशा न हलणाऱ्या खुणा त्यात असाव्यात. त्या दिवशीची उजनीच्या साठ्याची टक्केवारी सोबत लिहिली नाही, तर माझ्या मते ती नोंद निम्मी वाया जाते. कारण पाण्याच्या पातळीप्रमाणे बेटाचा आकारच बदलतो आणि गेल्या वर्षीचे टोक यंदा पाण्याखाली असू शकते. गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळावरची शेती) कुठवर आली आहे, जनावरे आणि कुत्री बेटापर्यंत चालत जाऊ शकतात का, हेही पाहावे.

निष्कर्ष काढताना सावध राहावे. पायात ओळखीचे कडे नसलेल्या पक्ष्याबद्दल ‘तोच परतला’ असे लिहिता येत नाही. ‘तीच जागा पुन्हा वापरली’ एवढेच म्हणता येते. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या विज्डम नावाच्या अल्बट्रॉस (एक मोठा समुद्रपक्षी) मादीला १९५६ मध्ये कडे घातले होते, म्हणूनच २०२४ मध्येही तिने तिथे अंडे घातल्याचे खात्रीने सांगता आले. स्थिर बेटांवर आणि डोंगरकड्यांवर जागेवरची ही निष्ठा घट्ट असते, तर सरकत्या वाळूवर वीण करणारे सुरय जागेपेक्षा सोबत्यांना अधिक धरून राहतात.

पिल्ले बाहेर पडू लागली की कवचांवर लक्ष ठेवावे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी काळ्या डोक्याच्या कुरवांवर (गल पक्ष्यांवर) केलेल्या प्रयोगांत, फुटक्या कवचाजवळ ठेवलेली अंडी भक्षकांनी अधिक उचलली, कारण कवचाची पांढरी आतली बाजू दुरून दिसते. आपले सुरय कवच उचलून नेतात की तिथेच सोडतात, हे घरट्यागणिक लिहावे. शेवटी, बेट पाण्याखाली गेल्याची तारीख टिपावी. तोवर पिल्ले उडाली होती की नाही, यावर पुढच्या उन्हाळ्यात पक्षी तिथे बसतील का हे बरेचसे ठरते.