सांगलीची काळी, रिजायनाची काळी : भारी जमिनीचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

सांगली-साताऱ्याकडची मुलंमुली मृदाशास्त्र घेतात तेव्हा त्यांच्याकडे एक गोष्ट आधीपासून असते. कृष्णाकाठची भारी काळी, जत-आटपाडीकडची उथळ मुरमाड आणि शिराळा-पाटणच्या डोंगरातली तांबडी, अशा तिन्ही जमिनी एका दिवसात फिरून बघता येतात. प्रवेश परीक्षा कुठली, कॉलेज कुठलं, ही माहिती सगळीकडे मिळते, म्हणून त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते भारी जमिनीबद्दल. मी एमएस्सी इथंच केली, मग काही काळ कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, रिजायना शहराभोवतीच्या चिकण मातीवर काम केलं, आणि आता मिरजेजवळ माती-पाणी परीक्षणाचं काम करते. दोन्हीकडच्या मातीचा अहवाल शेजारी ठेवला तर नवख्याला वाटेल, एकच माती आहे. शेतात उतरलं की कळतं, त्या अगदी वेगळ्या वागतात. हा फरक का पडतो हे ज्याला उलगडून सांगता येतं, त्याला हा विषय आला असं मी समजते.

आधी दोघींत सारखं काय ते बघू. चिकण मातीचा कण ०.००२ मि.मी.पेक्षाही बारीक असतो, आणि या दोन्ही मातींत असे कण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. रिजायनाकडे तर ६० टक्क्यांच्या वर. त्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाइट. त्याच्या थरांच्या मध्ये पाणी शिरतं, माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि भेगा पडतात. अशा मातीला वर्गीकरणात व्हर्टिसॉल म्हणतात. किमान ३० टक्के चिकण माती, ठरावीक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा आणि खालच्या थरात चकचकीत घसरलेले पृष्ठभाग, ही तिची ओळख. फुगलेल्या मातीला पसरायला जागा मिळत नाही, मग एक ढेकूळ दुसऱ्यावर तिरपं घसरतं आणि घासून गुळगुळीत होतं. पुस्तकात याचा फोटो असतो, पण फोटोवरून ते कधीच नीट समजत नाही. खड्ड्याच्या भिंतीतून चाकूच्या टोकाने एक ढेकूळ अलगद सोडवा आणि उन्हात तिरपं धरा. त्यावरच्या घासल्याच्या रेघा एकदा दिसल्या की पुढे शोधाव्या लागत नाहीत.

खड्डा कधी खणायचा हे मला पलूस तालुक्यातल्या एका आण्णांनी शिकवलं. आम्ही पावसानंतर लगेच कुदळ-फावडं घेऊन गेलो होतो. ते बांधावर बसूनच म्हणाले, "आत्ता नगं पोरी, वाफशावर ये. आत्ता खांदलंस तर नुसता चिखल घिऊन जाशील." भारी जमिनीत वाफसा फार थोडा वेळ टिकतो. त्याआधी औजाराला माती चिकटते, त्यानंतर ढेकळं दगडासारखी होतात. खड्डा वाफशावरच खणा, पण भेगा मोजायला एप्रिल-मेमध्ये पुन्हा त्याच शेतात जा. जाड तार भेगेत सोडून खोली मोजा, रुंदी पट्टीने मोजा, दोन भेगांमधलं अंतर टिपून ठेवा. फार साधं काम आहे, बहुतेक जण करत नाहीत, आणि त्यातून मिळणारी माहिती कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही.

आता फरकाकडे येते.

आपली काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून आली, दख्खनचा हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. रिजायनाची माती त्या मानाने कालची. हिमयुगाच्या शेवटी बर्फ मागे हटताना तिथे मोठं तळं साचलं, त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ आहे. बर्फाने दळलेल्या जुन्या समुद्री शेल खडकातून (चिखल दाबून झालेला खडक) स्मेक्टाइट त्यात आयतं आलं. म्हणून तिथली जमीन विलक्षण सपाट आहे आणि गोटा क्वचितच लागतो. आपल्याकडे मात्र खाली गेलं की चुनखडीचे खडे, मग मुरूम.

पाऊस बघा. रिजायनाला वर्षाला ४०० मि.मी.च्या आतबाहेर पडतो, बर्फ धरून. म्हणजे आपल्या माण-आटपाडीची आठवण यावी इतकाच. पण तिथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे १५ अंशांच्या आसपास असतं आणि जमीन मीटरभर किंवा त्याहून खोल गोठते. थंडीमुळे गवताची मुळं सावकाश कुजतात, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ साठत जातो. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या खालीच असतो, तरी ती काळी दिसते. मुलाखतीत "काळी म्हणजे सुपीक का?" असा प्रश्न हमखास येतो. रंग बघून कर्ब सांगू नका. कर्ब मोजूनच सांगा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिथल्या गोठण्याने. शरदात पीक निघालं की जमिनीत भेगा उघड्या राहतात आणि तशाच गोठतात. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा खालची जमीन अजून गोठलेलीच असते. पाणी वरून वाहून जाईल असं वाटतं, पण ते भेगांतून थेट खोल उतरतं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात अगदी हेच होतं. पहिलं पाणी भेगा पिऊन टाकतात, मग त्या मिटतात आणि पुढचं पाणी रानात तुंबतं. जतकडे ज्यांच्याकडे खोल काळी जमीन आहे ते शेतकरी खरिपात रान मोकळं ठेवून रब्बीत शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, घेत आले, त्यामागे हेच गणित आहे. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येण्याजोगं दीडशे-दोनशे मि.मी. पाणी मावतं, त्यावर शाळू निघतो. सस्कॅचेवानचा शेतकरी तेच पाणी बर्फाच्या रूपात धरतो. त्यासाठी तो गव्हाचा धसकट उभाच ठेवतो, म्हणजे वाऱ्याने बर्फ उडत नाही. तिथे मे महिन्यात पेरणी होते आणि वर्षात एकच पीक येतं. आपल्या ताटातली बरीचशी आयात मसूर त्याच प्रांतातून येते.

गोठण्याची दुसरी बाजू वाईट आहे. हिवाळाभर गोठून-सुकून ढेकळांचा चुरा होतो. ०.८४ मि.मी.पेक्षा बारीक झालेले दाणे वारा सहज उचलतो. चिकण माती उडत नाही असा आपला समज असतो, कारण आपली ढेकळं कुळवाशिवाय फुटत नाहीत. तिकडे १९३० च्या दशकात दुष्काळात रानंच्या रानं उडाली आणि सरकारला १९३५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. आज तिथे विनानांगरट शेती इतकी पसरली आहे, त्याचं एक मोठं कारण हेच.

आपला धोका वेगळा आहे आणि तो मला जास्त लागतो. वाळवा, मिरज, पलूस या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाटाने पाणी दिलं गेलं, निचरा झाला नाही, आणि चांगल्या जमिनी क्षारपड, चोपण झाल्या. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरतच नाही, सामू (पीएच) ८.५ च्या वर जातो. त्या सोडियमची जागा कॅल्शियमने घ्यावी म्हणून जिप्सम टाका असा सल्ला सगळे देतात, पण विरघळलेलं सोडियम बाहेर काढायला निचऱ्याची वाट नसेल तर नुसत्या जिप्समने काहीही साधत नाही. शेतकऱ्याला हा सल्ला देताना चर कुठे आहे, ओढा किती लांब आहे, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका. शेतकऱ्याचा पैसा यात जातो.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हायड्रोमीटरने (माती मिसळलेल्या पाण्याची घनता मोजणारं उपकरण) चिकण मातीचं प्रमाण काढताना भारी मातीचा नमुना सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट या कण सुटे करणाऱ्या रसायनात रात्रभर भिजवा. कण पूर्ण सुटे झाले नाहीत तर चिकण माती कमी दिसते आणि गाळवट (सिल्ट, चिकण मातीपेक्षा जाड कण) जास्त, मग सगळा अहवालच चुकीच्या वाटेने जातो. दुसरी गोष्ट क्षारतेची. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती, अडीच भाग पाणी असं मिश्रण घेतात. ४ डेसीसायमन प्रति मीटर (विद्युतवाहकतेचं एकक) ही पुस्तकातली क्षारपडीची सीमा मात्र संपृक्त लगद्यातून, म्हणजे जेमतेम पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून, काढलेल्या पाण्यासाठी आहे. परदेशातले आकडे आणि आपले आकडे शेजारी मांडताना पद्धत आधी वाचा.

बांधकामाकडे वळणाऱ्यांनाही हीच माती भेटते. रिजायनात घरांच्या पायांना तडे जाणं नेहमीचं आहे, आणि आपल्याकडे काळ्या रानातून गेलेला रस्ता लाटांसारखा का होतो हे वेगळं सांगायला नको. मुक्त फुगवट्याची चाचणी घरीसुद्धा करता येईल इतकी सोपी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये सोडा आणि २४ तासांनी दोन्हीची उंची वाचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून त्याच्याशी तुलना.

सुरुवात करताना एकच शेत निवडा, शक्यतो ओळखीचं, आणि वर्षभर तिथेच जात राहा. खड्डा खणायच्या आधी मालकाला विचारा, पीक कधी पेरणार ते समजून घ्या. काढलेली माती थरांप्रमाणे वेगवेगळ्या ढिगांत ठेवा आणि बुजवताना खालची खाली, वरची वर अशाच क्रमाने टाका. खालची चुनखडी वर आली तर त्या जागी पीक पिवळं पडतं, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला त्या रानात कोणी पाऊल टाकू देत नाही.