वादळ समुद्रात, पाणी आपल्या सरीत

ऑक्टोबर आला की पारावर एकच बोलणं: "वादळ तिकडं समुद्रात, मधे सह्याद्री, आपल्याला काय हुतंय?" डोंगर वारा अडवतो, खरं आहे, पाऊस मात्र घाट ओलांडून येतो. 2019 ला ऑगस्टच्या महापुरातून आपण जेमतेम सावरत होतो, तेव्हा क्यार वादळ आपल्या किनाऱ्याला न लागताच अरबस्तानाकडं गेलं. तरी त्या दिवसांत काढणीचं सोयाबीन भिजलंच.

या पावसात नदीकडं बघत बसू नका. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीच्या कितीतरी खाली असतं, आणि आपल्या काळ्या रानात ऊस पाण्यात उभा असतो. कारण रानातलं पाणी बाहेर काढणारा चर बुजलेला. पाऊस संपला म्हणून कुणी नांगरटीत मोडतो, कुणी ट्रॅक्टर जायला मधेच माती टाकतो. गेल्या साली एका आडसाली उसात पाणी हटेना म्हणून गेलो. चराच्या तोंडाला खताचं रिकामं पोतं आणि वर पाचट, एवढंच अडकलेलं. पोतं ओढलं तसं पाणी भळाभळा वाहिलं, पण तोवर पाच दिवस गेले होते. उसाचं एक बेट उपटून पाहिलं: मुळं काळी, कुजका वास.

तेव्हा खोरं घ्या आणि आजच चर मोकळा करा. सरीच्या तळापेक्षा हातभर खोल, तोंड थेट ओढ्यापर्यंत. वाट शेजाऱ्याच्या रानातून असेल तर त्याच्याशी आत्ताच बोला, पावसात भांडण नको. ऐन ऑक्टोबरात दक्षिणेकडून दमट वारा सुटला की मी हवामान खात्याच्या इशाऱ्याची वाट बघत नाही. हा माझा अंदाज, पण बहुतेकदा खरा ठरलाय.

बाकी कामं:
- पिकलेलं सोयाबीन, भात आधी काढा. गंजी उंचवट्यावर, ताडपत्री बांधून.
- तोडणीजोगा उंच ऊस पाचटानं एकमेकाला बांधा. लोळला तर ऊसतोड टोळी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, वाढवून मागते.
- पाण्याची मोटर, स्टार्टर उंच जागी घ्या.
- वादळाच्या तोंडावर युरिया टाकू नका.

पाणी तुंबलं की दुकानदार ह्युमिक, टॉनिक, स्टिकर असा हजारोंचा संच हातात देतो. गुदमरलेल्या मुळाला त्यातलं काही लागत नाही, आधी हवा लागते. पाणी काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या, मग 19:19:19 हे विद्राव्य खत 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम घेऊन फवारा. टोमॅटो, मिरचीच्या बुडात कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम घेऊन ओता.