मीटर बसवताना हात सांभाळा रे

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत मीटरचा बोर्ड बहुतेक जिन्याखाली, अंधारात, पावसाळ्यात भिंत ओली, तिथे काम करायचं तर पहिली गोष्ट, घरातला मेन स्विच पाडला म्हणजे लाईन मेली असं समजू नका, मीटरच्या इनकमिंगला, म्हणजे बाहेरून सप्लाय येतो त्या बाजूला, २३० व्होल्ट तसेच असतात. सप्लाय मागूनच, कटआउट (मीटरच्या आधीचा फ्यूज) किंवा पोलवरून बंद हवा, आणि ते काम महावितरणच्या माणसाचं, सीलला आपण हात लावायचा नाही.

टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग वायरवर, मग परत चालू पॉइंटवर, म्हणजे टेस्टरच बंद पडलेला नाही ना ते कळतं. कंटाळा येतो, माहितीये, पण करा.

अंगठी, कडं, घड्याळ काढा. रबरी हातमोजे फाटके नकोत, पायाखाली कोरडी मॅट किंवा फळी.

थ्री फेज कनेक्शनला न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, सगळ्यात डेंजर, तो ढिला राहिला की घरात २३० ऐवजी पार ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं, टीव्ही फ्रिज सगळं जळतं. स्क्रू नीट आवळा, ढिलं टर्मिनल तापून मीटर वितळतो. आणि लोड, म्हणजे घरातली उपकरणं, चालू असताना वायर ओढायची नाही, ठिणगी थेट तोंडावर येते.