आजारातून उठताना मांडीवर मावेल अशी गोधडी

टीबीची औषधं सहा महिने चालतात, त्यातले पहिले दोन महिने तर अंगात काही जीवच राहत नाही, आणि वेचणीच्या दिवसात घरचे सगळे वावरात गेले की दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहायचं, हे मी काढलंय म्हणून सांगते. ताप गेला, तोंडाला जरा चव आली तेव्हा मी सुई धरली. पण आपल्याकडे अख्खी गोधडी खाली अंथरून तिच्यावर ओणवं होऊन शिवतात ना, ते आजारी माणसाला झेपत नाही, पाच मिनिटात दम लागतो. म्हणून एकेक चौकोन मांडीवर घेऊन पूर्ण करायचा आणि शेवटी सगळे जोडायचे.

कापड जुनं सुतीच घ्या, आजीचं लुगडं, धोतर, विरलेली चादर. पॉलिस्टरची साडी नको, हातातून घसरते आणि घामही टिपत नाही. आधी धुवून कडक उन्हात वाळवा, भडक रंगाचं असेल तर ओला पांढरा फडका घासून बघा, रंग लागला तर ते बाजूला ठेवा.

आणि छातीचा आजार असेल तर आत कापूस भरू नका. घरात कापूस होताच म्हणून पहिल्या चौकोनात मी हातानं पिंजून भरला, त्याची बारीक तूस नाकातोंडात गेली आणि रात्रभर खोकले. आत धोतराचा एक पदर पुरे होतो. कापड टराटरा फाडूही नका, त्यानंही तूस उडते, कोणालातरी अंगणात बसून कात्रीनं कापून द्यायला सांगा.

माप सोपं आहे. पुठ्ठ्याचा साचा करा, वरचा आणि खालचा चौकोन 10 इंचाचा, मधला 9 इंचाचा. वरच्या-खालच्या कापडाच्या चारही कडा अर्धा इंच आत दुमडायच्या, मधला पदर त्यात दाबून बसवायचा, टाचण्या लावायच्या आणि काठाकाठानं धावदोरा घालायचा. एक फेरी झाली की बोटभर आत सरकून दुसरी, असं करत मध्यापर्यंत यायचं. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, वर दिसेल तेवढाच खाली. पहिल्या चौकोनात माझे टाके कुठं लांब कुठं आखूड आलेत, मी उसवले नाहीत, हात थरथरायचे तेव्हाचे आहेत ते.

दोरा दोन हात लांब कापायचा, दुहेरी केला की एक हात राहतो, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. आणि तेवढा दोरा संपला की सुई ठेवून आडवं व्हायचं, मग कितीही हुरूप आलेला असो. माझी आजी रोज ओसरीवरून ओरडायची, "दम लागाच्या आंधी सुई ठेव वं माय, दम लागल्यावर नोको!" ते खरंय, थकल्यावर थांबलं तर दुसरा अख्खा दिवस वाया जातो. पाठीला उशी, मांडीवर उशी, सकाळचा उजेड, हवा खेळती, बस्स. उन्हाळ्यात दहाच्या आत आटपा.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. टीबीच्या गोळ्यांमध्ये इथाम्ब्युटॉल असतं, त्यानं कधीकधी नजरेवर परिणाम होतो, लाल-हिरवा रंग फिका किंवा सारखाच दिसायला लागतो. आयसोनियाझिडनं हातापायाला मुंग्या येऊ शकतात. म्हणजे सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना अचानक अंधुक दिसलं, किंवा बोटांना सुई जाणवेनाशी झाली तर वय झालं, अशक्तपणा आहे असं म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

16 चौकोन झाले की चार-चारच्या रांगा लावा, बरोबर एक वार बाय एक वारचं दुपटं होतं. दोन चौकोन तोंडाला तोंड लावून धरायचे आणि काठावरून वळवून वळवून बारीक टाके घालायचे, मग उलगडून नखानं दाबून सपाट करायचे. आधी चार रांगा, मग रांगेला रांग. चार कोपरे भेटतात तिथं दोन टाके जास्तीचे घाला, ताण तिथंच येतो.

माझं दुपटं बघून एका बाईनं विचारलं, आजारी माणसाच्या हातचं लेकराला कसं द्यायचं. टीबी खोकल्यातून हवेतून पसरतो, कपड्यातून, अंथरुणातून नाही, एवढं शांतपणे सांगा. मी ते धुतलं, तारेवर वाळत घातलं, आणि नणंदेनं तिथूनच काढून बाळाला गुंडाळलं.