ब्रिक्स मीटरचं रीडिंग बरोबर कसं घ्यावं आणि ते नेमकं कुठे चुकतं

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की ब्रिक्स मीटर, म्हणजेच हातातला रिफ्रॅक्टोमीटर, प्रत्येक बागेत फिरू लागतो. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर, ते सांगणारा आकडा. एकाच बागेत बागायतदाराच्या मीटरवर १८ आणि व्यापाऱ्याच्या मीटरवर १६.५ आलं की दरावरून वाद होतो. यात लबाडी फार क्वचित असते. हा मीटर साखर ओळखतच नाही. रसात शिरलेला प्रकाश किती वळतो एवढंच तो पाहतो, आणि प्रकाशाचं वळणं बदलायला साखरेशिवाय इतरही कारणं पुरतात.

आत काय घडतं

पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३३ आहे. त्यात वजनाने २० टक्के साखर विरघळवली की तो १.३६४ होतो. फरक डोळ्याला कळण्यासारखा नाही, पण मीटरमधली काच तो पकडते. झाकणातून आलेला प्रकाश रसाच्या पातळ थरातून प्रिझमच्या काचेत शिरतो. रसापेक्षा काचेचा अपवर्तनांक जास्त, त्यामुळे किरण लंबाकडे झुकतो. अगदी पृष्ठभागाला घासून आलेला किरणसुद्धा एका ठरावीक कोनापलीकडे जाऊ शकत नाही. हा क्रांतिक कोन. त्याच्या अलीकडे उजेड, पलीकडे अंधार, आणि दोन्हींच्या सीमेची रेषा म्हणजेच तुमचं रीडिंग. काच १.५२ अपवर्तनांकाची धरली तर शुद्ध पाण्याला हा कोन साधारण ६१.३ अंश येतो आणि २० ब्रिक्सच्या रसाला ६३.८ अंश. शून्य ते वीस हा सगळा पल्ला अडीच अंशांत मावतो. इतक्या बारीक मापात प्रिझमवरचा बुडबुडा किंवा वाळलेल्या रसाचा डागही रीडिंग बिघडवतो.

मीटरमध्ये अंधाराची बाजू निळी आणि उजेडाची पांढरी दिसते. रस न लावता बघितलं तर सगळं निळं दिसतं, कारण काचेवर फक्त हवा असते. मध किंवा काकवी लावली तर सगळं पांढरं दिसतं, कारण रेषा ०–३२ च्या पट्टीबाहेर वर गेलेली असते. दोन्ही वेळा मीटर बिघडलेला नसतो. काकवीसाठी जास्त ब्रिक्सची पट्टी असलेला वेगळा मीटर लागतो.

शून्य लावणं

यासाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्या, बॅटरीत घालतात तसलं. बोअरचं पाणी चालत नाही. लिटरला २ ग्रॅम क्षार असलेलं पाणी ० ऐवजी ०.२ च्या थोडं वर दाखवतं, म्हणजे पट्टीचा एक भाग तिथेच गेला. प्रिझमवर दोन-तीन थेंब टाका, झाकण हळू मिटा, अर्धा मिनिट थांबा आणि रबरी टोपीखालचा स्क्रू फिरवून रेषा शून्यावर आणा. आकडे पुसट दिसत असतील तर आधी डोळ्याजवळची कडी फिरवून ते स्पष्ट करा. पुसट आकडे हा फक्त फोकसचा प्रश्न आहे, त्यासाठी स्क्रूला हात लावू नका.

शून्य जुळलं म्हणून वरचे आकडे बरोबर असतीलच असं नाही. हंगामाच्या सुरुवातीला एकदा २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर काट्यावर मोजून द्रावण करा. मीटरने २० दाखवायला हवं. २० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात घालणं ही नेहमीची गफलत. ते द्रावण १६.७ चं होतं आणि चांगल्या मीटरला उगाच दोष लागतो.

तापमान

द्रव तापला की त्याचा अपवर्तनांक घटतो, म्हणून तापलेला रस कमी गोड दिसतो. पट्टी २० अंश सेल्सिअसला धरून आखलेली असते. ३० अंशांना द्राक्षाच्या रसाचं रीडिंग सुमारे ०.७ ते ०.८ ब्रिक्सने कमी येतं. एटीसी (तापमानाचा फरक आपोआप भरून काढणाऱ्या) मीटरमध्ये दोन धातूंची पट्टी असते, ती तापमानाप्रमाणे वाकून हा फरक भरून काढते, पण साधारण १० ते ३० अंशांच्या दरम्यानच. मार्चमधल्या दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला मीटर या मर्यादेच्या बराच पुढे गेलेला असतो. तो आधी पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. एटीसी नसेल तर ज्या जागी मोजायचं तिथल्याच तापमानाच्या पाण्याने शून्य लावा, बहुतेक चूक आपोआप वजा होते. मोजणी सकाळीच केलेली बरी.

मणी कोणता घ्यायचा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. घडाच्या वरच्या खांद्याचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचे मागे राहतात. उन्हाकडचा घड आणि पानांच्या सावलीतला घड यांतही फरक असतो. वरचा मणी पिळून १८ सांगणारा आणि शेंड्याचा पिळून १६.५ सांगणारा दोघेही खरं सांगत असतात. म्हणून बागेत तिरपं चालत वेगवेगळ्या ओळींतले घड निवडा, प्रत्येक घडाचे वरचा, मधला आणि शेंड्याचा असे मणी घ्या, सगळ्यांचा रस एका वाटीत ढवळा आणि त्यातला थेंब वापरा. मणी आधी कोरडे पुसा. दवाचं पाणी रस पातळ करतं आणि फवारणीचे अंश त्यात मिसळतात.

रसात गर राहिला तर प्रकाश विखुरतो आणि रेषेच्या जागी धुरकट पट्टा दिसतो. फडक्यातून गाळा. रस अर्ध्याच काचेवर पसरला किंवा बुडबुडा राहिला तरी तसंच होतं. झाकण उघडून पुन्हा थेंब टाका, वरून दाबू नका.

रेषेला लालसर-निळी किनार दिसते, कारण प्रत्येक रंगाचा क्रांतिक कोन जरा वेगळा असतो. किनारीच्या मध्यावर वाचा. मीटर मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे कधीही नाही, डोळ्याला इजा होते. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च वापरायचा तर टॉर्च आणि झाकणामध्ये पांढरा कागद धरा, म्हणजे उजेड सगळीकडून सारखा पडतो.

१८ आलं, तरी आंबट का?

रसातली आम्लं आणि क्षारही प्रकाश वळवतात आणि त्यांचीही भर त्या १८ मध्ये असते. शिवाय जिभेला साखरेबरोबर आम्लही कळतं. त्यामुळे खाण्याच्या द्राक्षाला आकड्यासोबत चव घेऊनच ठरवा. बेदाण्यासाठी मात्र आकडाच महत्त्वाचा: २२ च्या पुढे गेलेला माल शेडवर टाकला तर उतारा चांगला पडतो, कारण वाळताना पाणी उडतं आणि विरघळलेलं सगळं मागे राहतं.

उसाला हाच मीटर चालतो, पण एका कांडीवर भागत नाही. बुडख्याकडची आणि शेंड्याकडची कांडी वेगवेगळी मोजा. वरचा आकडा खालच्याच्या जवळ आला की ऊस पक्व होत आला असं धरतात.

काम झालं की प्रिझम ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडा करा. नळाखाली धरू नका. पाणी आत शिरलं की आतून धुकं धरतं आणि ते पुसता येत नाही. वाळलेला रस नखाने खरवडला तर काचेवर ओरखडे पडतात. त्यावर ओलं फडकं थोडा वेळ ठेवलं की तो आपसूक सुटतो.