ड्रुकर यांचे सीएमएलवरचे पेपर कसे वाचायचे

घरात कोणाला सीएमएल (एक प्रकारचा ब्लड कॅन्सर) निघाला की सगळे गुगल करत सुटतात, त्यापेक्षा त्यावरच्या इमॅटिनिब या गोळीवर काम केलेले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांचे पेपर क्रमाने वाचा. पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या वेबसाइटवर त्यांचं आडनाव, बी जे ही इनिशियल्स आणि इमॅटिनिब टाका, सगळ्यात जुना पेपर आधी येईल असं सॉर्ट करा. १९९६ चा पेपर लॅबमधल्या पेशींवरचा आहे, तो बेतानेच वाचा. खरी मजा २००१ च्या पेपरात आहे, इंटरफेरॉन या आधीच्या औषधाचा उपयोग न झालेल्या पेशंटपैकी इमॅटिनिबचा रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या ५४ जणांत ५३ जणांचे ब्लड काउंट नॉर्मलला आले! पण काउंट नॉर्मल म्हणजे आजार गेला असं नाही हां, म्हणून रिस्पॉन्स हा शब्द दिसला की तो कुठला ते बघायचं, हिमॅटोलॉजिक (ब्लड काउंटमधला), सायटोजेनेटिक (क्रोमोसोममधला) की मॉलिक्युलर (बीसीआर-एबीएल या सीएमएलच्या बिघडलेल्या जीनच्या पातळीवरचा). मग २०१७ चा, १० वर्षांच्या फॉलोअपचा पेपर काढा, त्यात एक ग्रुप इमॅटिनिबचा आणि एक इंटरफेरॉनचा आहे, इमॅटिनिब ग्रुपचा १० वर्षांचा सर्व्हायव्हल साधारण ८३ टक्के आहे, मात्र इंटरफेरॉनवाले बरेचसे मधेच इमॅटिनिबवर गेले त्यामुळे दोन ग्रुपची तुलना जपून करा. आणि हे वाचून गोळीचा डोस स्वतः बदलू नका, बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांनाच विचारा.