नीरा डावा कालवा: उन्हाळी आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) यायच्या आत एवढं उरकून घ्या

मंडळी, बारामतीकडचे असा नाहीतर इंदापूरच्या टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडचे, सात नंबरचा फॉर्म, म्हणजे पाण्याच्या मागणीचा अर्ज, आधी भरून टाका, पाणी सुटल्यावर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या मागं पळण्यात काय अर्थ नाय.

मग चारी, म्हणजे कालव्यातनं रानाकडं पाणी आणणारा छोटा पाट. गवत, प्लास्टिक, गाळ सगळं काढा, पण एकट्यानं नको, चारीवरचे सगळे मिळून एका दिवसात होतंय. गेल्या वर्षी आमच्या चारीत वरच्या बाजूला कुणीतरी पोत्यात माती भरून आडवी टाकली होती आणि आम्ही खाली बॅटऱ्या घेऊन रात्रभर कोरड्या सरीत बसून.

१८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम म्हणून हा कालवा काढायला घेतला, नंतर वर भाटघर धरण बांधलं. कालवा दुष्काळासाठी होता, ऊस मागनं आला, आणि एवढा आला की जादा पाण्यानं चोपण, म्हणजे खार धरलेल्या, निचरा न होणाऱ्या जमिनीपण आल्या. आजही पाणी आलं की आपण सरी तुडुंब भरतो, परत मिळंल का नाय ही भीती, दुसरं काय.

तसं करू नका. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात, एक आड एक सरी भिजवा. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवू नका, सरीत दाबा आणि पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाका, म्हणजे ओल टिकते आणि दोन पाण्यातलं अंतर उसाला झेपतं. लईच ताण बसला तर २ टक्के पोटॅश आणि २ टक्के युरियाची फवारणी, सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर. रानात पांढरी खार दिसत असंल तर आधी माती तपासा आणि निचऱ्याचे चर काढा, चर नसताना नुसतं जिप्सम टाकून पैसे जातात. नवी लागण करणारच असाल तर अशा रानात फुले २६५ बघा, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची जात आहे, खारवट जमिनीत बाकीच्यांपेक्षा तग धरते.

विहिरीचं पण बघा. आमच्या विहिरीच्या कड्याला वडिलांनी खिळ्यानं रेघा मारल्यात, कालवा चालू झाला की पाझर लागून पाणी एकेक रेघ वर चढतं. म्हणून तर अस्तरीकरण, म्हणजे पाझर थांबवायला कालव्याला आतनं काँक्रीट करणं, म्हटलं की कालव्याकडेचे विहीरवाले तापतात, आणि टेलवाल्यांना मात्र तेच पाहिजे असतं, दोघांचंही खरंय. तुमच्या विहिरीत अशी खूण नसंल तर या आवर्तनात करा, आणि पाणी बंद झाल्यावर किती दिवसात किती रेघा उतरतं ते लिहून ठेवा, पुढची लागण किती करायची ते त्यावर ठरवा.

आणि पोरं पोहायला जाणारच, पण आवर्तनाचा जोर असताना गेटजवळ सोडू नका.